किनारा शांत हवा, पाणी नव्हे

सरगॅसमचे फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिले आहेत. तपकिरी शेवाळाचे ढीग, त्यातून वाट काढणारे ट्रॅक्टर, नाकाला रुमाल लावलेले पर्यटक. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीनं काढलेला २०२५ च्या मे महिन्याचा आकडा ३ कोटी ७५ लाख टनांचा होता. २०२२ चा उच्चांक त्यानं मोडला. तेव्हापासून कॅरिबियनला निघालेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच: आता जावं की नाही?

जावं. पण आधी नकाशा उघडावा आणि वारा कुठून येतो ते पाहावं. शेवाळ अख्ख्या बेटाला सारखं लागत नाही, हे बातम्यांमध्ये राहून जातं. शाळेच्या भूगोलात वाचलेले व्यापारी वारे कॅरिबियनमध्ये जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतात. तरंगणारं सगळं ते पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या किनाऱ्यांवर आणून टाकतात. बेटाच्या आडोशाला असलेल्या बाजूला त्याच दिवशी पाणी काचेसारखं असू शकतं. ‘गुपित’ किनाऱ्यांच्या याद्या छापणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण दहा फोटोंची यादी वाचकाला आवडते आणि वाऱ्याची दिशा कंटाळवाणी वाटते, त्याला काय करणार!

सेंट जॉनचं उदाहरण घेऊ. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सच्या मुख्य बेटांमधलं हे सगळ्यात छोटं, क्षेत्रफळ पन्नासेक चौरस किलोमीटर, वस्ती चार हजारांच्या आसपास. विमानतळ नाही. शेजारच्या सेंट थॉमसला उतरायचं, रेड हूकच्या धक्क्यावरून फेरी धरायची आणि क्रूझ बेला पाय ठेवायचा. वाचकांपैकी ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण हा अमेरिकेचाच प्रदेश आहे. आईबाबा ज्या व्हिसावर न्यू जर्सीला आले त्याच व्हिसावर इथंही येऊ शकतात. परतीच्या विमानात बसण्याआधी मात्र कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट घरी ठेवून यायची हुशारी करू नये.

कोकणात वाढलेल्या माणसाला इथं पहिल्यांदा गोंधळायला होतं. आपण समुद्राला विचारतो ते भरती-ओहोटीचं. मुंबईच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि मालवणला पाण्यात उतरायचं तर आधी पाण्याची वेळ बघावी लागते. सेंट जॉनला भरती-ओहोटीतला फरक वीतभर. तिथं वेळापत्रक पाळायचं ते लाटांचं. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये वादळं उठतात आणि त्यांच्या लांब, संथ लाटा दोन-तीन दिवसांनी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आपटतात. ट्रंक बे, सिनॅमन बे, हॉक्सनेस्ट हे पोस्टकार्डावरचे किनारे तेव्हा गढूळ होतात. अशा वेळी दक्षिणेला जावं. उन्हाळ्यात उलट: उत्तर शांत, आणि आग्नेयेचा वारा शेवाळ घेऊन दक्षिण-पूर्वेच्या खाड्यांत शिरतो. बेट एवढं लहान की एका बाजूला बिनसलं तर अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या बाजूला पोचता येतं. म्हणून हॉटेलवाल्याला ‘कोणता किनारा चांगला’ असं मोघम विचारू नये. ‘आज कोणता’ असं विचारावं.

सॉल्ट पॉण्ड बेला गेलं की हे सगळं दहा मिनिटांत पायाखाली कळतं. रस्त्यापासून थोडं उतरून गेलं की ही खाडी लागते. पाणी निवांत, मधोमध खडकांचा पुंजका, त्याच्या भोवती मासे. तिथूनच मिठाच्या तळ्याच्या कडेनं पायवाट धरली की पलीकडे ड्रंक बे. तोंड पूर्वेला, वारा अंगावर, लाटा खवळलेल्या, काठावर समुद्रानं टाकलेला कचरा. तिथं पोहायचा विचारही करू नये. लोक वाहून आलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांची माणसं मांडून ठेवतात, ती बघून परत फिरावं.

शांततेचा दुसरा शत्रू म्हणजे क्रूझ. जहाजं थांबतात सेंट थॉमसला, पण त्यातल्या बऱ्याच जणांना ‘ट्रंक बे पाहिला’ असं घरी सांगायचं असतं. ट्रंक बेला पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली दोनशेएक मीटरची वाट आहे. कल्पना गोड आहे. मुलांना घेऊन पहिल्यांदा मुखवटा लावून बघायला ती जागा उत्तम, आणि जीवरक्षक असतात तेही तिथंच. पण इतक्या फिन्सच्या लाथा खाल्लेला प्रवाळ आणखी कुठं दिसेल असं वाटत नाही. सेंट थॉमसच्या बंदराचं जहाजांचं वेळापत्रक सगळ्यांसाठी खुलं असतं. जहाजांची गर्दी असेल त्या दिवशी सकाळी लवकर जावं किंवा दुपारी चारनंतर, नाहीतर सरळ चालायला लागावं.

चालणं ही खरी चाळणी आहे. गाडी दारात नेता येत नाही तिथं गर्दी आपोआप गळते. ॲनाबर्गच्या साखर कारखान्याच्या अवशेषांपाशी गाडी लावायची आणि लीन्स्टर बेच्या काठानं जुन्या डॅनिश रस्त्यावरून सव्वा-दीड किलोमीटर जायचं. समोर वॉटरलेमन के नावाचं टीचभर बेट दिसतं. त्याच्या अलीकडच्या सागरी गवतात थाळीएवढे तारामासे पसरलेले असतात आणि बेटाला वळसा घालताना प्रवाळाची कड लागते. वळशाच्या पलीकडच्या अंगाला प्रवाह ओढतो, म्हणून ज्याला दमसास नाही त्यानं अलीकडूनच बघावं. हिरवी कासवं बघायची तर माहो बे. तिथं रस्ता वाळूला चिकटूनच आहे, म्हणजे निवांतपणा फक्त सकाळी.

या साखर कारखान्याजवळून सगळे फोटो काढत जातात. हे बेट शांत का आहे याचं अर्धं उत्तर तिथंच आहे. डॅनिश राजवटीत इथली बहुतेक जमीन उसाखाली होती आणि राबणारे होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १७३३ मध्ये त्यांनी कोरल बेचा किल्ला ताब्यात घेतला आणि बेटाचा मोठा भाग कित्येक महिने हातात ठेवला. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच सैन्य आणून बंड मोडावं लागलं. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, मळे ओस पडले आणि त्यावर रान माजलं. आज ज्याला ‘अस्पर्श’ म्हणून जाहिरातीत विकतात ते हे दुसऱ्यांदा उगवलेलं जंगल. डेन्मार्कनं १९१७ मध्ये ही बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकली.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. संपादकांनी याला दोन परिच्छेद सांगितले आहेत, पण इलाज नाही.

शांत किनारा शोधणाऱ्यानं पाण्यात डोकं घातलं की आधी काय ऐकू येतं? तडतड. फोडणीत मोहरी उडावी तशी, अखंड. हा आवाज करतात स्नॅपिंग श्रिम्प, म्हणजे बोटभरही लांब नसलेल्या कोळंब्या. त्यांची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगानं मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना हा ‘टक्’ आवाज येतो. हजारो कोळंब्या एकाच वेळी हे करत असतात. त्याच्यावर पॅरटफिशचं खडक कुरतडणं, ग्रंट माशांचं गुरगुरणं. निरोगी प्रवाळभित्ती म्हणजे गजबजलेली पेठ. जिथं पाण्याखाली शांतता आहे तिथं बहुधा प्रवाळ मेलेला असतो.

वूड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या नाडेज आओकी आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीची परीक्षा घेतली, आणि तीही सेंट जॉनलाच. बेटाच्या दक्षिणेकडच्या टेकटाइट नावाच्या, त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या भित्तीचा आवाज त्यांनी रेकॉर्ड केला आणि सॉल्ट पॉण्डच्या खंगलेल्या भित्तीवर पाण्याखालच्या स्पीकरमधून वाजवला. आसपास ठेवलेल्या भांड्यांत प्रवाळाची पिल्लं सोडली होती. प्रवाळ आयुष्यभर एका जागी चिकटून राहतो. हिंडायची मुभा त्याला फक्त या पिल्लाच्या, म्हणजे डिंभाच्या अवस्थेत, आणि तीही काही दिवसच. एकदा बूड टेकलं की टेकलं. त्यामुळे जागा निवडणं हा त्याच्या जन्ममरणाचा सवाल. मार्च २०२४ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा: जिथं निरोगी भित्तीचा आवाज वाजत होता तिथं डिंभ सरासरी १.७ पट जास्त संख्येनं बसले, काही ठिकाणी सात पटींपर्यंत. ज्यांना कान नाहीत, मेंदू नाही, त्यांना वस्ती कुठं जिवंत आहे हे आवाजावरून कळतं!

यावर ‘स्पीकर लावा, प्रवाळ वाचवा’ अशा मथळ्यांचं पीक आलं. ते वाचून मला हसू येतं. प्रयोग एका जातीवर झाला होता, मस्टर्ड हिल कोरल या तशा चिवट जातीवर. आणि मूल वस्तीला आलं म्हणजे जगलं असं नाही. पाणीच तापलं तर आवाज काय करणार? २००५ च्या उष्णलाटेनंतर आलेल्या रोगात या बेटांभोवतीचा निम्म्याहून जास्त प्रवाळ गेला. २०१९ मध्ये सेंट थॉमसला प्रवाळाचं मांस सोलून काढणारा नवा रोग पोचला, पाठोपाठ सेंट जॉनलाही. मग २०२३ चा उन्हाळा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेनं जगभरातलं चौथं मोठं विरंजन, म्हणजे तापलेल्या पाण्यात प्रवाळाचं पांढरं पडणं, जाहीर केलं तेव्हा इथला प्रवाळ आधीच पांढरा पडून गेला होता. म्हणजे आज जाणाऱ्यानं वीस वर्षांपूर्वीच्या माहितीपटातले रंग मनात धरून जाऊ नये. मासे, कासवं, गोगलगायी, समुद्री पंखे भरपूर आहेत. प्रवाळाची मोठी जंगलं आता तुरळक.

टेकटाइट हे नाव कुठून आलं तेही सांगतो, कारण तिथं उतरणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. १९६९ मध्ये ग्रेट लेमशूर बेच्या तळाशी अमेरिकेच्या नौदलानं, अंतर्गत खात्यानं आणि ‘नासा’नं मिळून एक घर बांधलं आणि चार शास्त्रज्ञ त्यात दोन महिने राहिले. अंतराळयानात माणसं एकमेकांना कशी सहन करतील हे ‘नासा’ला बघायचं होतं. पुढच्या वर्षी सिल्विया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली फक्त स्त्रियांची तुकडी उतरली. बातम्यांमध्ये त्यांचा उल्लेख काय झाला असेल याची कल्पना करा: ‘जलपऱ्या’! अर्ल पुढे ‘नोआ’च्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. लेमशूरला आजही कच्च्या, चढउताराच्या रस्त्यानं जावं लागतं आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना तिथं नेण्याची परवानगी नसते. साहजिकच तिथं माणसं कमी.

आता शांतता कोणाची, हा प्रश्न. सेंट जॉनचा निम्म्याहून जास्त भूभाग राष्ट्रीय उद्यान आहे. लॉरन्स रॉकफेलर यांनी जमिनी विकत घेतल्या आणि १९५६ मध्ये पाच हजार एकरांहून जास्त सरकारला दिल्या. उदार माणूस, यात वाद नाही. पण कॅनील बेचा सुंदर तुकडा त्यांनी आपल्या रिसॉर्टच्या वापरासाठी राखला. खोलीत टीव्ही नाही, फोन नाही, आणि दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. २०१७ च्या इर्मा वादळानं ते मोडलं, २०२३ मध्ये वापराचा करार संपला आणि जमीन उद्यानाकडे आली. क्रूझ बेपासून लिंड पॉइंटच्या पायवाटेनं हनीमून बीचला कोणीही चालत जाऊ शकतो. मला जमीन उद्यानाकडे येणं हा गेल्या काही वर्षांतला कॅरिबियनमधला सगळ्यात चांगला बदल वाटतो. इथं १९७१ पासून खुल्या किनाऱ्यांचा कायदाही आहे, वाळूवरून कोणाला हुसकता येत नाही. जमैकात उलट. तिथं ब्रिटिशांच्या काळातला, १९५६ चा कायदा अजून चालतो आणि जनतेला किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क देत नाही. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार होड्या लावत होते तिथं कुंपणं पडली आहेत आणि लोक कोर्टात लढताहेत. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘निवांत, खाजगी किनारा’ असं वाचलं की तो निवांत कोणाला हाकलून झाला हे विचारायला हरकत नाही.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रिलीन असलेलं सनस्क्रीन इथं २०२० पासून विकायला आणि वापरायला बंदी आहे. झिंकचं न्यावं, त्याहून बरं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. काठावर हिरव्या, लहान सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर हात लावू नये. ते मँचिनील. त्याचा चीक कातडी भाजतो, आणि पावसात त्या झाडाखाली आडोशाला उभं राहिलं तरी भोगावं लागतं. ट्रंक बे सोडून दुसरीकडे जीवरक्षक धरून चालू नये, म्हणजे एकट्यानं उतरू नये. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची, पण स्टिअरिंगही डावीकडेच. अमेरिकेत नव्यानं गाडी शिकलेल्यांची इथं तारांबळ उडते, आपल्याकडून आलेल्यांची जरा कमी. आणि कोरल बे ओलांडून पूर्वेला गेलात की फोनचं रोमिंग बंद करा. समोरच्या ब्रिटिश बेटांचा टॉवर पकडला जातो आणि एका कासवाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकल्याचं बिल परदेशी दरानं येतं.