विमान मळवण्याची विद्या

प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून छोटे विमान तयार करणे हा पोरखेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. जुळवण्यापुरते ते खरेही आहे. खोक्यात भागांच्या चौकटी असतात, प्रत्येक भागाला क्रमांक असतो, सोबत नकाशा असतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा दोन रविवारांत विमान उभे करतो. खरी कसोटी पुढे लागते. हे नवेकोरे विमान खरोखर उडालेले, उन्हापावसात उभे राहिलेले, माणसांनी हाताळलेले दिसले पाहिजे. शौकीन मंडळी याला 'वेदरिंग' म्हणतात. मी सरळ 'मळवणे' म्हणतो. आणि मळलेले विमान ज्या जमिनीवर उभे करायचे, तो देखावा म्हणजे 'डायोरामा'.

शब्द फ्रेंचांचा. पुढे छायाचित्रणामुळे नाव कमावलेल्या दागेरने १८२२ साली पॅरिसमध्ये बुतों या चित्रकाराच्या साथीने 'डायोरामा' नावाचे एक प्रेक्षागृहच उघडले होते. प्रचंड पडद्यांवर चित्रे आणि त्यांवर बदलता प्रकाश. आपल्याला मात्र इतक्या लांब जायला नको. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणाऱ्या आपल्या मुलांना डायोरामा कळतोच. फरक एवढाच, की त्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. इथे घेतात.

उदाहरण म्हणून एकच विमान घेऊ. इम्फाळ, १९४४. भारतीय हवाई दलाची क्रमांक एकची तुकडी तिथे होती, हरिकेन विमाने घेऊन. तुकडीचे प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे हवाई दलाचे मार्शल झाले ते. मार्च महिन्यात जपानी सैन्य चालून आले, रस्ता तुटला, आणि २२ जूनला कोहिमाचा रस्ता पुन्हा खुला होईपर्यंत इम्फाळला लागेल ते विमानातूनच येत होते. या हरिकेनांचे मुख्य काम टेहळणीचे. हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट. ४८व्या हिश्शाच्या प्रमाणात तो बरोबर १० इंच होतो, म्हणजे टेबलावर सहज मावतो. एअरफिक्स, हासेगावा, आर्मा हॉबी अशा कंपन्यांनी या विमानाची किट काढलेली आहेत.

जुळवणी, पॉलिश पेपर, सांध्यांत लांबी भरणे, वरच्या अंगाला हिरवा आणि मातकट रंग, हे सगळे मी सोडून देतो. पण पंखावरच्या गोल चिन्हापाशी थांबले पाहिजे. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा. हवेत, क्षणभरात, आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचे असते. त्या घाईत आपल्याच माणसाकडून मरण येण्याची धास्ती होती, म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला गेला. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, एवढेच उरले. खोक्यात मिळालेले लाल ठिपक्याचे चिन्ह कोणी इम्फाळच्या विमानावर चिकटवले, तर मॉडेल कितीही सुबक असो, ते खोटे बोलते.

आता मळवणे. नवशिका रुपेरी रंगात स्पंजचा तुकडा बुडवतो आणि विमानभर टिपके मारत सुटतो. रंग उडाला, खालचा पत्रा दिसला, असा त्याचा समज. पण हरिकेनच्या मागच्या धडाला पत्रा नाहीच! आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेले, 'डोप' नावाचे रोगण पाजलेले तागाचे कापड. तिथे रुपेरी टवके उडतील कसे? पत्रा आहे तो नाकाशी, वैमानिकाच्या जागेभोवती आणि पंखांवर. कापडाला दुसरी दुखणी. ते उन्हाने विटते, फाटते आणि मग त्याला ठिगळ लावतात. ठिगळाचा रंग ताजा, म्हणून आजूबाजूपेक्षा गडद. कडा चौकोनी आणि नेटक्या. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक हरिकेन आहे. गेलात तर पत्रा कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होते, ते पाहून या.

मग पायांचा माग. वैमानिक डाव्या बाजूने चढतो, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग जास्त घासलेला. पण तोफांची झाकणे उघडून गोळ्या भरणारा माणूस दोन्ही पंखांवर गुडघे टेकतो; तिथले टवके त्याचे. धुराड्यांमागचा पट्टाही नुसता काळा नको. इंधन बेताने जाळत लांब पल्ल्याची उड्डाणे केली की काळ्यावर फिकट राखाडी थर चढतो, आणि टेहळणीची उड्डाणे अशीच असतात. पोटाखाली तेलाचे ओघळ, तेही वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेले. चाके आत मुडपताना चिखल पोटाशी नेतात. शेपटीचे चाक मिटत नाही, म्हणून मागचा भाग खालून सर्वांत घाण.

प्रत्येक डागाला असे कारण लागते. कारण सांगता येत नसेल तर डाग घालू नये, असे माझे मत आहे. काहींना हे फार कडक वाटते.

हिशेब प्रमाणाचाही असतो. ४८व्या हिश्शात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ पाच सेंटिमीटरचा. म्हणून ब्रशचे टोक केसाएवढे हवे आणि हात आखडता. कामाचा क्रम ठरलेला आहे. रंगावर आधी चकचकीत वॉर्निश, त्यावर पाण्यात भिजवून सोडायची चिन्हे, पुन्हा वॉर्निश. मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला काळपट तैलरंग पत्र्याच्या सांध्यांत सोडायचा, वाळत आला की कापडाने पुसायचा. सांध्यात राहतो तेवढाच मळ. सर्वांत शेवटी मॅट वॉर्निश आणि खडूच्या भुकटीची धूळ. क्रम चुकला तर टर्पेंटाइन खालचा रंगही घेऊन जाते.

आता जमीन. इथे आधी महिना ठरवावा लागतो. मार्च-एप्रिल असेल तर धूळ, जून असेल तर चिखल. जूनची जमीन आणि धुळीने माखलेले विमान, ही जोडी जमत नाही. चाकांवरची माती आणि चाकांखालची माती एकच हवी. मी प्लास्टरमध्ये चाळलेली माती आणि गोंद मिसळतो, ओले असतानाच चाके दाबून चाकोऱ्या उमटवतो. काथ्या बारीक कातरला की गवत होते. डबक्यांसाठी पारदर्शक वॉर्निशचे थर, एकावर एक, घाई न करता.

राहिली माणसे. बहुतेक जण पंखाशेजारी वैमानिक उभा करतात, गॉगल लावलेला. त्यांची नावे आपल्याला माहीत असतात, पदके माहीत असतात. विमानावरचे अर्धे डाग मात्र ज्यांच्या हातांचे, ते जमिनीवरचे लोक. हवाई दलाच्या आरंभीच्या दिवसांत त्यांना 'हवाई सिपाही' म्हणत. या दलात सगळ्या धर्मांचे लोक होते. तीनच वर्षांनी फाळणी झाली, दल वाटले गेले, स्पॅनर-पक्कड घेऊन एका विमानाखाली निजलेले काही इकडे राहिले, काही तिकडे गेले.

म्हणून माझ्या मांडणीत वैमानिक नाही. साडेतीन सेंटिमीटर उंचीची दोन माणसे आहेत, विमानाच्या मागच्या अंगाशी. एकाच्या हातात कापडाचा चौकोन, दुसऱ्याजवळ डोपचा डबा. महिना जूनचा आहे. दमट हवेत डोप नीट धरत नाही, पांढरट पडतो. तेव्हा पाऊस उघडला आहे तोवर ठिगळ बसले पाहिजे.