बाळाच्या गळ्यातलं वाघनख : अर्थ काय, आणि कायदा काय सांगतो?

२०१९ ची गोष्ट. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातून चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. रेडिओ कॉलरमुळे कळलं, की पठ्ठ्याने १,३०० किलोमीटरची पायपीट केली होती.

एरवी इथल्या माणसाला वाघ माहीत असतो तो चांदीत मढवून बाळाच्या गळ्यात बांधलेल्या वाघनखातून. यामागचा विचार साधा आहे. ज्याची भीती वाटते, त्यालाच राखणीला बसवायचं. मग दृष्ट जवळ येत नाही, बाळ झोपेत दचकत नाही, अशी समजूत.

नागाचंही तेच. नागपंचमीला वारूळ पुजायचं आणि दंडावर नागमोडी वाकी घालायची. पायातल्या मासोळीचा अर्थ मात्र वेगळा. मासा भरपूर अंडी घालतो, म्हणून तो मुलाबाळांचं, भरल्या घराचं चिन्ह. आणि नर्सीच्या संत नामदेवांचा विठ्ठल आठवा. त्याच्या कानातही मकरकुंडलंच आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. वाकीत खरा नाग नसतो, मासोळीत खरा मासा नसतो. वाघनख खरं असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिग बॉस कन्नडच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखामुळे वनविभागाने अटक केली होती. नख टीव्हीवर दिसलं, तक्रार झाली. बारशाचे फोटो टाकताना हे लक्षात असू द्या.

बाजारातली बरीच 'वाघनखं' गुरांच्या शिंगाची किंवा प्लॅस्टिकची असतात, हा भाग वेगळा. पण खरं म्हणून मिळणारं विकत घेऊच नका. प्रत्येक नखामागे एक मेलेला वाघ असतो. हौसच असेल तर सोनाराकडून त्या आकाराचं चांदीचं पदक करून घ्या.

आणि आजीच्या पेटीत जुनं नख सापडलं तर? वारशाने आलेली अशी वस्तू ९० दिवसांत जाहीर करावी लागते. विकता येत नाही, कुणाला भेटही देता येत नाही. त्यामुळे आधी वनविभागाचं कार्यालय गाठा.