मोटर बाहेर काढण्याआधी

डोणगावच्या शिवारात नोव्हेंबर-डिसेंबरला हरभरा आणि गहू पाण्यावर आलेले असतात आणि नेमकी त्याच दिवसांत एखाद्या बोअरमधली मोटर बंद पडते. मग पहिला फोन जातो तो चेन पुलीवाल्याला. चार माणसं येतात, बोअरवर घोडी उभी राहते, पाईपमागून पाईप निघतो, दिवस मोडतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते आणि पुष्कळदा तिथला कारागीर सांगतो, "भाऊ, मोटर तर चांगली आहे." बिघाड स्टार्टरमध्ये असतो, नाहीतर डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. मजुरी वाया गेलेली असते, आणि त्याहून वाईट म्हणजे हरभऱ्याचं फुलोऱ्याआधीचं पाणी हुकलेलं असतं.

हे टाळता येतं. सबमर्सिबल मोटर शेकडो फूट खाली असली तरी तिच्याबद्दलच्या बहुतेक गोष्टी वर, स्टार्टरपाशी उभं राहून कळतात. फक्त बघण्याचा क्रम ठेवावा लागतो: आधी खांब, मग स्टार्टर, मग केबल, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी मोटर.

खाली नेमकं काय असतं ते आधी पाहू. पाईपच्या टोकाला पंप आणि पंपाच्या खाली मोटर, असा एकच लांबट दंडगोल असतो. दोघांच्या मध्ये जाळी असते, पाणी तिथून आत शिरतं. मोटर मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेते. पंपात एकावर एक बसवलेल्या स्टेज असतात. प्रत्येक स्टेज पाण्याला थोडा थोडा दाब देत वर ढकलते. म्हणून बोअर जितकी खोल, तितक्या स्टेज जास्त. पंपाच्या डोक्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी परत खाली येऊ न देणारी झडप असते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरींच्या आत स्वच्छ पाणी भरलेलं असतं आणि वाइंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं. तळाचं थ्रस्ट बेअरिंग आतल्या पाण्यावरच चालतं, आणि बाहेरून वाहणारं बोअरचं पाणी मोटरला थंड ठेवतं. त्यामुळे या यंत्राचे वैरी मुख्यतः दोनच, उष्णता आणि गाळ. पुढचं सगळं या दोघांभोवती फिरतं.

अमेरिकेत बोअरच्या मोटरी बहुधा कायमच्या बंद केलेल्या येतात. जळली की फेकायची आणि नवी टाकायची. आपल्याकडची मोटर उघडता येते, तिचं वाइंडिंग पुन्हा भरता येतं. तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगची दुकानं उभी आहेत ती यामुळेच. शेतकऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, पण मोटर भरून मिळते म्हणून ती का जळली हे शोधायचं राहून जातं. कारण तसंच राहिलं की भरलेली मोटरही त्याच हंगामात पुन्हा जळते.

हात लावण्याआधी एक गोष्ट. मेन स्विच खाली करा आणि किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसता स्विच खाली केला, तर दुसरं कुणी 'लाईन आली' म्हणून तो वर करतं. पायात कोरडी चप्पल किंवा बूट हवेत, हात कोरडे हवेत, आणि स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग हवंच. मीटर लावून बघायचं काम लाईन चालू असताना करावं लागतं. ते ज्याला सवय आहे त्यानेच करावं.

आता लाईन. मोटर बंद असताना तीन फेजमधला विजेचा दाब दोन-दोन करून मोजा: लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आणि ४१५ व्होल्टच्या आसपास हवेत. नियमाने ६ टक्के वरखाली चालतं, म्हणजे साधारण ३९० ते ४४०. मोटर बंद असताना मोजा असं म्हणण्याला कारण आहे. एक फेज गेलेला असला तरी फिरती मोटर स्वतःच त्या मेलेल्या तारेवर दाब तयार करते. पॅनेलवरचा दिवा मंद का होईना लागलेला राहतो आणि माणूस फसतो.

दाब कमी असला की नुकसान किती होतं, याचा अंदाज सहसा येत नाही. मोटरची ओढण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट आले तर ताकद पाऊण राहत नाही, निम्म्यावर येते. मग मोटर उठत नाही, नुसती घूं करते, आणि त्या वेळी ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढत असते. तो सगळा करंट उष्णता होऊन वाइंडिंगमध्ये मुरतो. घूं आवाज आला की लगेच बंद करायचं. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघायचं नाही.

दाब का पडतो? शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास, अशी पाळीने मिळत आली आहे. रात्रीच्या पाळीत दोन वाजता, साप-रानडुकरांच्या वाटेने शेतात जायला कोण तयार होईल? म्हणून लोक ऑटो स्विच लावतात. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. माणसाची अडचण खरी आहे. पण डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात, दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, आणि मग आठवडा-आठवडा कुणालाच पाणी नाही. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं सांगत आलं आहे, ते रास्तच आहे. कपॅसिटर मोटरला लागणाऱ्या करंटचा एक भाग जागेवरच पुरवतो, तारेवरचा भार उतरतो आणि लाईनच्या शेवटी असलेल्या शेतातला दाब सुधारतो. ऑटो ठेवायचाच असेल तर वेळ लावता येणारा ठेवा आणि शेजाऱ्यांनी आपापसांत दोन-दोन मिनिटांचं अंतर ठरवून घ्या. दिवसा वीज देणाऱ्या सौर फीडरच्या योजनांचं मोल मला यामुळेच मोठं वाटतं. दिवसा लाईन असली की माणूस मोटरजवळ असतो आणि बिघाड वेळेत दिसतो.

सगळ्यात जास्त मोटरींचा जीव घेणारा बिघाड मात्र वेगळा आहे: एक फेज जाणं. डीपीवरचा एक फ्यूज उडतो, कुठे जंपर सुटतो. मोटर बंद असेल तर ती सुरूच होत नाही. पण चालू असेल तर थांबत नाही, दोन फेजवर फिरत राहते आणि त्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. वर पाणी येतच असतं, थोडं कमी, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, आणि खाली वाइंडिंगचं प्लास्टिक मऊ होत असतं. यावर उपाय म्हणजे चालू स्थितीतला सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला ओव्हरलोड रिले. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून रिलेचा काटा पुढे सरकवून ठेवलेली स्टार्टरं फार दिसतात. ट्रिप होणं हा बिघाड नव्हे, तो बिघाडाचा निरोप आहे. कपॅसिटर जोडून दोन फेजवर मोटर ओढण्याची युक्तीही मोटर आतून भाजते. एखाद्या रात्रीचं पाणी मिळतं आणि पुढच्या महिन्यात भरणावळ द्यावी लागते.

लाईन ठीक असेल तर स्टार्टर उघडा. हिरवं बटण दाबून काहीच झालं नाही, तर ओव्हरलोड ट्रिप झालेला असू शकतो. त्याची पट्टी थंड व्हायला काही मिनिटं द्या, मग रिसेट करा. लाल बटण आत अडकलेलं असू शकतं, कॉइल जळलेली असू शकते. पेटीची भोकं उघडी असली तर आत पाल, मुंग्या, कुंभारमाशीचं मातीचं घर, काहीही सापडतं. स्टार्टर खडखडत असेल तर दाब कमी आहे किंवा चुंबकाच्या तोंडावर धूळ बसली आहे. आणि पॉइंट नीट बघा, उजेडात. तिन्ही सारखे हवेत. एकच पॉइंट काळा पडून खड्डा झालेला असेल, तर बाहेरून तीन फेज येऊनही मोटरला दोनच मिळतात. डीपीला दोष दिला जातो आणि चोर घरातच असतो. पॉइंटची जोडी बदलायचा खर्च मोटर काढण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

इथवर सगळं ठीक असेल आणि मोटर फिरत असेल, तर आता क्लॅम्प मीटर. केबलच्या प्रत्येक तारेवर आळीपाळीने लावा आणि तिन्ही आकडे लिहून घ्या. पाच एचपीच्या मोटरला साधारण दहा अँपिअरच्या आसपास येतात. खरा आकडा तुमच्या मोटरच्या पाटीवर असतो. तिन्ही करंट सारखेच वाढलेले असतील तर दाब कमी आहे, किंवा पंप गाळाने जड झाला आहे, किंवा बेअरिंग घासतंय. तिन्ही सारखेच घटलेत आणि पाणीही घटलंय, तर पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही, जाळी तुंबली आहे, नाहीतर स्टेज झिजल्या आहेत. करंट अगदीच थोडा आणि पाणी शून्य, तर मोटर-पंपामधलं कपलिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. करंट नेहमीसारखा आणि पाणी कमी, तर बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत वरून पाणी कोसळल्याचा आवाज येत असेल तर मधला पाईप फुटला आहे.

तीन आकडे एकमेकांपासून लांब असतील तेव्हा एक सोपी परीक्षा आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. मेन बंद करून स्टार्टरमधून निघणाऱ्या मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. फिरण्याची दिशा यात बदलत नाही. पुन्हा सुरू करून मोजा. जास्तीचा करंट त्या तारेबरोबर सरकला, तर दोष मोटरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. करंट जुन्या जागीच राहिला, तर दोष लाईनचा आहे, मोटर वर काढून काही मिळणार नाही. पाच मिनिटांच्या या कामाने चेन पुलीचा खर्च करायचा की लाईनमनला गाठायचं, हे ठरतं.

दिशेचाही प्रश्न येतो. डीपीवर काम झाल्यानंतर पाणी एकाएकी कमी झालं असेल तर दोन फेज अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरत असते. उलट्या मोटरचं पाणी पूर्ण बंद होतंच असं नाही, म्हणून हे लक्षात येत नाही. कोणत्याही दोन तारा बदलून बघा. ज्या जोडणीत पाणी जास्त, ती खरी. पण बंद केल्याबरोबर लगेच चालू करू नका. एनआरव्ही गळकी असेल तर पाईपातलं पाणी खाली जाताना पंपाला उलटा फिरवत असतं, आणि त्याच क्षणी सुलटा झटका बसला की शाफ्ट पिळवटतो.

आता पाणी. डोणगाव ज्या मेहकर तालुक्यात येतं, तिथली जमीन काळ्या पाषाणावर बसली आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. हा खडक स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. त्यामुळे बोअर उपसली की पातळी भराभर उतरते आणि भरून यायला वेळ लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोटर तासभर चांगली चालते, मग पाणी थुंकायला लागते, हवा येते, धार तुटते. ही मोटरची तक्रार नाही. पण तशीच चालू ठेवली तर मोटरला थंड करणारं पाणीच राहत नाही आणि तळाचं बेअरिंग जळतं. तास चालवा, दोन तास थांबा. किती वेळाने धार तुटते ते बघून पाळी ठरवा. पाणी संपताच मोटर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर बसवा. पाईप वाढवून मोटर खाली सोडायची असेल तरी तळाला टेकवू नका. तळाच्या गाळात बसलेली मोटर पाण्यात असूनही तापते, आणि पंप गाळ ओढून स्टेज खातो.

एवढं सगळं बघून झालं आणि संशय खालीच राहिला, तर मोटर काढण्याआधीचं शेवटचं काम म्हणजे मेगर. स्टार्टरपासून केबल सोडवून प्रत्येक तार आणि अर्थ यांमधला रोध मोजा. एक मेगओहमपेक्षा कमी आला, तर कुठेतरी पाणी शिरलं आहे. आता मोटर वर काढा, पण दुकानात नेण्याआधी केबलचा सांधा कापून केबल आणि मोटर वेगवेगळी तपासा. सांध्यावरची टेप सुटून पाणी गेलेलं असणं नेहमीचं आहे, आणि त्यासाठी मोटर भरायची गरज नसते.

मोटर खरंच जळली असेल तर ती उघडताना दुकानात स्वतः उभे राहा आणि वाइंडिंगच्या रंगाकडे बघा. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजचे गुंडाळे काळे आणि तिसऱ्याचे कोरे दिसले, तर एक फेज गेला होता. प्रिव्हेंटर लावल्याशिवाय ती मोटर पुन्हा खाली सोडू नका. सगळेच गुंडाळे सारखे करपलेले असतील तर कमी दाब, गाळाचा भार किंवा कोरडं चालणं यांपैकी काहीतरी. एकाच जागी ठिपक्यासारखा जळाला असेल तर आवरणाला तिथे इजा झाली होती.

भरलेली मोटर सोडताना तिच्यात पिण्याचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरा, हलवून बुडबुडे निघू द्या, मग बूच लावा. केबल दर पाईपाला बांधा, पण काचेल इतकी घट्ट नको आणि पाईपाच्या कडेवर घासू देऊ नका. सुरू केल्यावर तिन्ही करंट, तिन्ही दाब, मोटरची खोली आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी कमी आलं की त्या आकड्यांशी ताडून बघा.