रेटिनॉल: त्वचेनुसार निवड आणि वापर

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे एक रूप असून त्वचेत त्याचे आधी रेटिनाल्डिहाइडमध्ये व मग रेटिनोइक आम्लात रूपांतर होते. पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते हे आम्लच, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या, मुळातच रेटिनोइक आम्ल असलेल्या ट्रेटिनॉइनपेक्षा रेटिनॉल सौम्य आणि संथ ठरते. तेलकट त्वचेला जेल किंवा हलके सीरम मानवते, तर कोरड्या त्वचेला क्रीम बरे. सावळ्या त्वचेबाबत मात्र अधिक सावधगिरी हवी, कारण तिच्यातील मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, तयार करणाऱ्या पेशी दाहाला चटकन प्रतिसाद देतात आणि जळजळ ओसरल्यावरही काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात. डाग घालवण्यासाठी आणलेल्या उत्पादनानेच नवे डाग पडावेत, हे बहुधा घाईमुळे घडते. म्हणून ०.१ ते ०.३ टक्के प्रमाणाचे उत्पादन निवडून, आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे लावावे, त्यावर मॉइश्चरायझर व दिवसा किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन वापरावे आणि परिणाम जोखण्यापूर्वी सुमारे १२ आठवडे थांबावे. जितके टक्के अधिक तितका गुण अधिक, हा जाहिरातींचा हिशेब येथे फसवा आहे. गर्भवती स्त्रियांनी व गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी रेटिनॉल टाळावे; इसब असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज ते वापरू नये.