फी आधी, सवलत मागाहून

जून महिना सरत आला की महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आवारात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. सेतू केंद्राच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते आणि रांगेतील बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी असते. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, तलाठ्याचा अहवाल किंवा कचेरीतून आणलेला पगाराचा दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि या साऱ्यांच्या झेरॉक्स प्रती. रांगेतील माणसे स्वतःसाठी काही मागायला आलेली नसतात. मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो अथवा मिळण्याच्या बेतात असतो, आणि आपले उत्पन्न अमुक रकमेहून अधिक नाही, असे सरकारनेच लिहून द्यावे, एवढ्याचसाठी ती आलेली असतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी रीत. नातेवाइकांत, शेजारीपाजारी, कचेरीत ही मूठ उघडू नये म्हणून माणूस आयुष्यभर जपतो. ती पहिल्यांदा उघडावी लागते ती बहुधा मुलांच्या शिक्षणापायी, आणि तीही चारचौघांदेखत, खिडकीपुढे उभे राहून. तरीही या उघडण्याबद्दल पालकांची तक्रार फारशी ऐकू येत नाही. त्यांची तक्रार निराळी आहे. मूठ उघडून दाखविल्यावरही हाती काही पडत नाही. पडते ते पुढे कित्येक महिन्यांनी.

शिक्षणासाठी मदत मागणे आपल्याकडे नवे नाही. पुण्यात वार लावून जेवलेल्या आणि माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती जुन्या पिढीला पाठ आहेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. दलित विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची योजना आली आणि ‘ईबीसी’ ही तीन अक्षरे मराठी घराघरांत पोचली. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या पाल्यांना, जात न पाहता, फी माफ. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची एक आख्खी पिढी या तीन अक्षरांच्या आधाराने महाविद्यालयाची पायरी चढली. आज निवृत्त झालेल्या अनेक शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना विचारावे. त्यांच्यापैकी कित्येकांनी तो ईबीसीचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरलेला असतो.

त्या व्यवस्थेतील एक गोष्ट आज विसरली गेली आहे. ईबीसीचा फॉर्म महाविद्यालयाच्या कचेरीत दिला की विद्यार्थ्याकडून फी घेतली जात नसे. सरकारकडून ती वसूल करण्याचे काम संस्थेचे. अनुदान उशिरा आले तर थांबायची पाळी संस्थेवर येई. शेतकरी बापाला त्याची वार्ताही नसे. ‘माफी’ या शब्दाला तेव्हा अर्थ होता. जे द्यायचेच नाही, ते माफ.

आजची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. सवलतीचे बहुतेक अर्ज २०१७ पासून ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरले जातात, आणि अनेक योजनांत मंजूर झालेली रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न बँक खात्यात जमा होते. हा बदल निष्कारण झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. नसलेले विद्यार्थी कागदावर दाखवून शिष्यवृत्तीच्या रकमा लाटणाऱ्या संस्थांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली होती आणि त्यांच्या चौकशीसाठी विशेष पथकही नेमावे लागले होते. पैसा मधल्या हातांना न लागता विद्यार्थ्यापर्यंत जावा, हा हेतू चांगलाच होता. परंतु पैशाचा मार्ग बदलताना थांबण्याची पाळीही संस्थेच्या खांद्यावरून उचलून पालकाच्या खांद्यावर ठेवली गेली, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माफी गेली आणि तिच्या जागी परतफेड आली. परतफेड घेण्यासाठी आधी पैसे भरावे लागतात, आणि ज्याच्याजवळ ते नाहीत त्याच्यासाठीच तर ही योजना आहे.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती हे ईबीसीचेच आजचे रूप. तिची उत्पन्नाची मर्यादा २०१६ मध्ये सहा लाखांपर्यंत आणि नंतर आठ लाखांपर्यंत वाढविण्यात आली. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. एका कुटुंबातील दोनच मुलांना. विकास शुल्क तिच्यात धरलेले नाही, वसतिगृह आणि खाणावळ तर नाहीच. पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, असे शासनाने वेळोवेळी परिपत्रके काढून बजावले आहे. प्रत्यक्षात प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर काय घडते, हे पालकांना ठाऊक आहे. ‘तूर्त पूर्ण भरा, सरकारचे आले की तुमच्या खात्यात येईलच.’ विनाअनुदानित संस्थांचीही एक बाजू आहे. प्राध्यापकांचे पगार फीमधूनच करायचे आणि सरकारी रक्कम केव्हा येईल याचा भरवसा नाही, तर त्यांनी तरी काय करावे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न खोटा नाही. पण सरकारच्या विलंबाची झळ संस्थेला सोसवत नसेल, तर ती महिना पंचवीस हजार मिळविणाऱ्या माणसाला कशी सोसवावी?

म्हणून मग पतसंस्था, सोनेतारण, भविष्यनिर्वाह निधीतून उचल, नाही तर मेव्हण्याकडून हातउसने. आईच्या बांगड्या जुलैत गहाण पडतात आणि सवलतीचा हप्ता येतो तेव्हा दुसरे सत्र उजाडलेले असते. कधी तर पुढचे वर्ष. मधल्या काळातील व्याज कोणत्याच योजनेत बसत नाही. मिळालेल्या सवलतीतून हे व्याज वजा केले, तर किती पालकांच्या पदरात काय उरते, याचा हिशेब शासनाने एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

उत्पन्नाच्या मोजमापाची कथा याहून गुंतागुंतीची. ‘आठ लाख’ हा आकडा आज तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. इतर मागासवर्गीयांना लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात, पण त्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळविले जात नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दाखल्यासाठी मागील आर्थिक वर्षाचे, सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न लागते. फीसवलतीसाठी पुन्हा आईवडिलांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न, पगारासकट. एकच कारकून एका दाखल्यापुरता आठ लाखांच्या आत असतो आणि दुसऱ्यापुरता बाहेर. ‘साहेब, मग माझे खरे उत्पन्न किती?’ असे त्याने विचारले, तर खिडकीआडच्या माणसापाशीही उत्तर नसते.

पगारदाराची अडचण अशी की त्याचे उत्पन्न रुपया-पैशापर्यंत कागदावर असते. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा अंदाज तलाठी करतो, दुकानदार आपल्या उत्पन्नाचा अंदाज स्वतःच करतो; नोकरदाराच्या बाबतीत अंदाजाला वावच नसतो. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते राज्यातील अनेक कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत जमा झाले. ती रक्कम हाती आलीच नाही, पण त्या वर्षाच्या उत्पन्नात मात्र धरली गेली. मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या घराला असा एक हप्ता पुरतो. सात लाख नव्वद हजारांना निम्मी फी, आठ लाख दहा हजारांना शून्य. मध्ये एकही पायरी नाही. उत्पन्न जसजसे वाढेल तसतशी सवलत टप्प्याटप्प्याने कमी करणे काही अवघड गणित नव्हे. प्राप्तिकराच्या आकारणीत सरकार तेच दरवर्षी करीत आले आहे.

शिवाय दाखला गेल्या वर्षाचा आणि नड या वर्षाची. मार्चनंतर ज्याची नोकरी सुटली, ज्या घरातील कर्ता माणूस मे महिन्यात गेला, त्या घराचे उत्पन्न कागदावर भरभक्कमच दिसत राहते. अशा घरासाठी प्राचार्यांना किंवा तहसीलदारांना स्वतःच्या निर्णयाने काही करता येईल, अशी मोकळीक व्यवस्थेत ठेवायला हवी होती. संगणकाच्या फॉर्मला चौकटी असतात. हकिकत लिहायला जागा नसते.

त्या फॉर्मचीही स्वतःची संकटे आहेत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारकार्डावर शेवटी. आईचे नाव एकीकडे माहेरचे, दुसरीकडे सासरचे. अर्ज परत येतो. घरी संगणक नसलेला पालक सायबर कॅफेत जातो, दुकानदार घाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक घालतो, आणि अर्ज परत आल्याची सूचना दुकानदाराच्या फोनवर पडून राहते. आधारशी सर्वांत शेवटी जे बँक खाते जोडले गेले असेल त्याच खात्यात रक्कम जाते, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. कोणे एके काळी गॅसच्या अनुदानासाठी जोडलेल्या, पासबुकही हरवलेल्या खात्यात शिष्यवृत्ती येऊन पडलेली असते आणि बाप तिकडे महाविद्यालयात चकरा मारीत असतो. महाविद्यालयातला कनिष्ठ लिपिकही या बापाइतकाच गांजलेला. शेकडो अर्ज एकट्याने तपासायचे, शेवटची तारीख वाढते की नाही याची वाट पाहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘वरून मंजूर झालेले नाही’ असे सांगायचे. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोणते टेबल, हे त्यालाही ठाऊक नसते.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निम्म्याऐवजी पूर्ण, ही मोठीच गोष्ट आहे. मुलीला गावच्या महाविद्यालयात बी. ए.ला घालून भावाला अभियांत्रिकीला पाठविणाऱ्या घरांचा हिशेब त्यामुळे बदलू शकतो. पण तिथेही प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर काय सांगितले जाते, यावरच सारे अवलंबून आहे. ‘आधी भरा’ असे ऐकून जो बाप मुलीला परत घेऊन जातो, त्याची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर होत नाही.

शैक्षणिक कर्जाचा मार्ग आहे, असे सुचविले जाते. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तारणाशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. परंतु ती गुणवत्तेच्या यादीत वर असलेल्या निवडक संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याचा तिच्याशी संबंध येत नाही.

करता येण्यासारखे काय, हे शोधायला फार दूर जायला नको. पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याने सवलतीपुरती रक्कम भरायची नाही आणि संस्थेने तेवढ्या रकमेसाठी सरकारकडे बोट दाखवायचे, हा ईबीसीचा जुना शिरस्ता आजच्या संगणकावरही चालू शकतो. रक्कम विद्यार्थ्याच्याच खात्यात घालायची असेल, तर तिचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात पडला पाहिजे. मुलगा खरोखर शिकतो आहे की नाही, हे संस्थेच्या हजेरीवरून दुसऱ्या हप्त्याच्या वेळी तपासता येईल. खोटे विद्यार्थी हुडकायला तेवढे पुरेसे आहे. आणि पगार सरकारच देते त्या कर्मचाऱ्याकडून सरकारनेच पुन्हा उत्पन्नाचा दाखला मागावा, याला तर कसलेच कारण नाही.

तोवर पिशवी जपून ठेवणे आले. एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि सवलतीचा दुसरा हप्ता जमा झाला की नाही हे कळण्यापूर्वीच सेतू केंद्रापुढे पुन्हा रांग लागलेली असते.