खारा वारा आणि पुढचा शॉकअप

देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे अंगणात उभ्या असलेल्या जुन्या बाईकच्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या जवळून बघा. चकचकीत क्रोमवर बारीक तांबूस ठिपके दिसतील. क्रोम गंजत नाही, पण त्याच्या थरात सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून मिठाचं पाणी खालच्या पोलादापर्यंत झिरपतं आणि गंज आतून वर येतो. शॉकअप खालीवर होताना त्या खड्ड्यांच्या धारा ऑइल सील कापतात. गळलेलं ऑइल डिस्कवर गेलं, की ब्रेक कसला लागतोय! अशी नळी घासून भागत नाही. क्रोम उतरवून नवा चढवावा लागतो.

पडवीत ॲल्युमिनियम कापून कॅलिपरचा ब्रॅकेट बनवणाऱ्या हौशी पोरांचं मला कौतुकच वाटतं. ४००, ८००, १२०० असे पॉलिश पेपर, मग बफ. आरसा होतो नुसता. मात्र ब्रेकचा सगळा झटका हाच तुकडा सोसतो, तेव्हा भंगारातली पट्टी नको. शिवाय स्टेनलेसचा बोल्ट लावला, की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टला ग्रीस हवंच.

ब्रेक ऑइलही दमट हवेतलं पाणी पितं. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. आंबोली घाट उतरताना हा फरक लिव्हरवर कळतो.