सशामागची तीन कुत्री

इंग्लंडात 1671 साली शिकारीचा एक कायदा झाला. ज्याला स्वतःच्या जमिनीतून वर्षाला शंभर पौंडांचं उत्पन्न नाही, त्यानं बंदूक बाळगायची नाही, जाळं बाळगायचं नाही, सशांना बिळातून हुसकणारा फेरेट पाळायचा नाही आणि ग्रेहाउंडही पाळायचा नाही. त्या काळी शंभर पौंड म्हणजे मोठी मिळकत. त्यामुळे गावातल्या बहुतेकांना ही बंदीच होती. ही मिळकतीची अट 1831 पर्यंत टिकली. तोवर ना ससे संपले, ना गरिबाची भूक. दारात ग्रेहाउंड दिसणं हाच जिथे गुन्हा, तिथे माणूस ग्रेहाउंडसारखा पळणारा पण तसा न दिसणारा कुत्रा पाळणार, हे उघड आहे. कायदा करणाऱ्यांच्याही ते लक्षात होतं. बंदीच्या यादीत अशा कुत्र्याचं, म्हणजे लर्चरचंही, नाव होतं.

लर्चर ही जात नाही. कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या केनेल क्लबात त्याची नोंद होत नाही. उंची, रंग, कानाची ठेवण, काहीच ठरलेलं नाही. आईबापांपैकी एक नजरेनं शिकार करणारा हवा, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट, डिअरहाउंड किंवा सलुकी. दुसरा कामकरी हवा, बहुतेक वेळा मेंढ्या वळणारा कॉली किंवा बेडलिंग्टन टेरियर. दोन्हीकडून नजरेचेच शिकारी असले, तर त्या पिल्लाला लाँगडॉग म्हणतात, आणि त्याला लर्चर म्हटलेलं जुन्या लोकांना खपत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? ग्रेहाउंड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरनं पळतो, पण थोडाच वेळ. ससा झुडपात शिरला की त्याचं काम संपलं. नाकानं माग काढत बसणं त्याच्या स्वभावात नाही, कातडी पातळ, पंजे नाजूक, आणि एकदा पळत सुटला की हाक ऐकेलच असं नाही. कॉलीकडून येते ती अक्कल, दमसास, टणक पंजे आणि माणसाच्या इशाऱ्याकडे लक्ष. कॉलीचं रक्त वाढलं तर वेग घटतो, ग्रेहाउंडचं वाढलं तर अक्कल. मग अर्धं-अर्धं बरं की पाऊण-पाव, यावर लर्चरवाल्यांच्या पिढ्या भांडत आल्यात. ब्रायन प्लमर नावाच्या शाळामास्तरानं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लर्चर, टेरियर आणि फेरेटवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली आणि स्वतःचा एक टेरियरही घडवला. वाद मात्र मिटला नाही. मिटणारही नाही, कारण प्रत्येकाचं रान वेगळं असतं.

लर्चर, टेरियर आणि व्हिपेट या तिन्ही कुत्र्यांचा फरक एकाच ठिकाणी बघायचा असेल तर जानेवारीतली फेरेटची शिकार बघावी. झाडोरा वाळून बसलेला असतो आणि बिळात पिल्लं नसतात, म्हणून हंगाम हिवाळ्याचाच. आपल्या रानातला ससा बीळ करत नाही, उघड्यावर गवतात बसतो. तसा रानससा इंग्लंडातही आहे, पण गरिबाच्या हंडीत जायचा तो दुसरा, आकारानं लहान आणि घोळक्यानं जमिनीखाली राहणारा. शेताच्या कुंपणाला लागून त्याच्या बिळाला दहा-पंधरा तोंडं असतात. टेरियर नाक लावत पुढे जातो आणि एका तोंडाशी खिळतो. शेपटी ताठ, कान पुढे, एक पाय उचललेला. म्हणजे आत कुणीतरी आहे. वास शिळा असेल तर चांगला कुत्रा तिथे रेंगाळत नाही. रिकाम्या बिळाशी खोटं थांबणारा कुत्रा मालकाची सकाळ खातो.

मग प्रत्येक तोंडावर जाळी पसरायची. मुठीत मावेल एवढी जाळी, कडेनं ओवलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला जमिनीत ठोकायची खुंटी. आतून ससा आदळला की दोरी आवळते आणि जाळी बटव्यासारखी मिटते. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबोडका पाळीव प्राणी. हल्ली त्याच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर बांधतात, म्हणजे आत अडकला तर कुठे खणायचं ते वरून कळतं. तो आत गेला की कुणी बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत.

टेरियरचं काम इथे संपलेलं असतं, पण ते त्याला पटत नाही. तो बिळात मुंडकं घालतो, माती उकरतो, केकाटतो. शेवटी त्याला बांधून ठेवावं लागतं. मुरलेला लर्चर मात्र जाळ्यांपासून चार पावलं मागे उभा राहतो. माणसाच्या नजरेतून सुटलेलं एखादं तोंड झुडपात असतंच, आणि ससा नेमका तिथूनच निसटतो. दुसरं बीळ तीस-चाळीस पावलांवर. एवढ्या अंतरात व्हिपेटच्या तोडीचा कुणी नाही. दोन-चार झेपांत तो पूर्ण वेगात येतो आणि सशानं वळण घेतलं की तोही जागच्या जागी वळतो. पण अंगावर चरबी नाही, केस आखूड. वाट बघताना तो थंडीनं कुडकुडत असतो आणि काटेरी तारेला घासला की कातडी फाटते. बेडलिंग्टनचं रक्त असलेला लर्चर काटेरी झुडपात बिनदिक्कत शिरतो, ससा धरतो आणि जिवंत, न चावता, धन्याच्या हातात आणून देतो. हातात आणून देणं ही त्याची खरी कसोटी. ससा लांबवर मारून तिथेच टाकणारा कुत्रा कितीही वेगवान असो, त्या धन्याच्या उपयोगाचा नाही.

आता आवाजाची गोष्ट. मला या तिघांतला सगळ्यात मोठा भेद वेगात नाही, इथे दिसतो. लर्चर मुका हवा. ससा दिसल्यावर भुंकणारा लर्चर वाया गेलेला समजतात. 1828 च्या कायद्यानं रात्री चोरून शिकार करताना पहिल्यांदा सापडलेल्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. तिसऱ्यांदा सापडला तर सात वर्षांसाठी समुद्रापार रवानगी होऊ शकत होती. एका भुंकण्यानं जमीनदाराचा राखणदार जागा होणार, मग भुंकणाऱ्या कुत्र्याची पिल्लं कोण वाढवणार? टेरियरचं नेमकं उलट. तो जमिनीखाली कोल्ह्यासमोर उभा राहून भुंकत राहिला पाहिजे, कारण फावडं कुठे मारायचं हे वरच्या माणसाला त्या आवाजावरूनच कळत असे. जो न भुंकता थेट भिडतो तो शूर म्हणून मिरवतो, पण थोबाड फाडून घेतो आणि आठवडाभर कामाचा राहत नाही.

टेरियरची मापंही बिळानंच ठरवली. बॉर्डर टेरियर तपासताना जाणकार त्याचे पुढचे पाय किंचित उचलतात आणि खांद्यामागून छातीला दोन्ही हातांचा वेढा घालतात. बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत. कोल्ह्याच्या छातीचा घेर साधारण चौदा इंच, आणि कोल्हा जिथून जातो तिथून टेरियर गेला पाहिजे, एवढा साधा हिशेब. डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (1795–1883) यांच्या टेरियरचं मूळ असंच कामाचं. विद्यार्थी असताना, 1819 साली, त्यांनी ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून आपली पैदास सुरू केली. प्रवचनापेक्षा शिकारीत जास्त रमणारे म्हणून त्यांच्या बिशपची त्यांच्यावर खप्पामर्जी होती. पुढे रसेल केनेल क्लबच्या संस्थापक सदस्यांत होते, तरी आपली कुत्री त्यांनी प्रदर्शनात नेली नाहीत. त्यांचं नाव लागलेल्या जॅक रसेलला क्लबनं मान्यता दिली ती 2016 मध्ये.

शहरात टेरियरचं काम उंदरांचं. 1862 साली लंडनमध्ये जॅको नावाच्या टेरियरनं 5 मिनिटं 28 सेकंदांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. तो पैजेचा तमाशा होता आणि घाणेरडाच होता. पण शेतावरच्या धान्याच्या कोठारात आजही टेरियर तेच काम करतो. उंदीर मानेशी धरायचा, एक हिसडा द्यायचा, टाकायचा, पुढचा पकडायचा. व्हिपेटला हे जमत नाही असं नाही, पण उंदीर ओठाला चावला की त्याचा उत्साह मावळतो; टेरियरचा वाढतो. लेप्टोची लस मात्र हवीच, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

व्हिपेट उत्तर इंग्लंडच्या कोळसाखाणींत आणि गिरण्यांत घडला. लहान ग्रेहाउंड आणि टेरियर यांचा तो संकर, म्हणजे मुळात लर्चरच. तो एका खोलीच्या घरात पोरांसोबत झोपे, आठवडाभर सशांवर जाई आणि सुट्टीच्या दिवशी दोनशे यार्डांची शर्यत पळे. एका टोकाला एक जण त्याला मानगुटीला आणि शेपटीच्या मुळाशी धरून उभा असे. इशारा होताच कुत्रं अक्षरशः पुढे फेकायचं. दुसऱ्या टोकाला मालक चिंधी फडकवत बोंबलत असे. बारा सेकंदांच्या आसपास खेळ खलास, आणि त्यावर मजुरीचे पैसे लागलेले. 1890 च्या सुमारास केनेल क्लबनं त्याला जात म्हणून मान्यता दिली. मग मापं ठरली, नराची उंची 47 ते 51 सेंटीमीटर. राठ केसांचे व्हिपेट तेव्हा असत, ते मागे पडले. प्रदर्शनातला व्हिपेट आजही पळतो, हे त्याचं नशीब. बेडलिंग्टन टेरियरला तेवढं नशीब लाभलं नाही. खाणकामगारांचं ते कडवं कुत्रं कातरून-कातरून कोकरासारखं करून ठेवलंय.

18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी वन्यप्राण्यांची शिकार करण्यावर बंदी आली. रानसशामागे दोन ग्रेहाउंड सोडण्याची, 1836 पासून चाललेली वॉटरलू कपची स्पर्धा त्याच महिन्यात शेवटची झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती पोटासाठी कधीच नव्हती. उंदीर आणि जमीनमालकाच्या परवानगीनं ससे, ही सूट राहिली. बिळात टेरियर सोडायचा तर एका वेळी एकच, तोही शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी आणि लेखी परवानगी खिशात ठेवून. चोरून रानसशांमागे कुत्री सोडणाऱ्या टोळ्या अजून आहेत, त्यांच्या गाडीत बहुधा सलुकीच्या रक्ताचे लर्चर सापडतात, आणि 2022 च्या कायद्यानं त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सलुकीशी नातं सांगितला जाणारा आपला कारवान कुत्रा लातूर-सोलापूरकडे अजून टिकून आहे. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यानं ससा धरला तर धन्यावर गुन्हा दाखल होतो.

एकच कुत्रा ठेवायचा झाला तर मी बेडलिंग्टन-व्हिपेट लर्चर घेईन. सशाला पुरेल एवढा वेग, झुडपाला पुरेल एवढी कातडी, आणि टेरियरचं नाक. निव्वळ टेरियर घेणाऱ्यानं बागेचा नाद सोडावा. व्हिपेट घेणाऱ्यानं स्वेटर घ्यावा आणि बाकी दिवसभर सोफा त्याच्या नावावर करून द्यावा. कामावरून हाकललेले लर्चर ब्रिटनमध्ये अनाथ कुत्र्यांच्या संस्थांमध्ये नेहमीच असतात. फुकटात मिळतील म्हणून गेलात, तर आधी तुमच्या कुंपणाची उंची विचारतील.